इंग्रजीतील प्रश्न, आज्ञा आणि विनंत्या अप्रत्यक्ष कथनात कशा मांडाव्यात

नागपूरच्या सीताबर्डी मेट्रो स्थानकात ऑरेंज आणि ॲक्वा या दोन मार्गिका एकमेकींना मिळतात, आणि तेथे गोंधळलेला एखादा प्रवासी शेजारच्याला हमखास विचारतो, "डज दिस ट्रेन गो टू खापरी?" हाच प्रसंग नंतर मित्राला इंग्रजीत सांगायचा झाला, की आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी म्हणतात, "ही आस्क्ड मी दॅट डज दिस ट्रेन गो टू खापरी." यातला प्रत्येक शब्द इंग्रजी असला तरी रचना मराठी आहे. "त्याने मला विचारले, की ही गाडी खापरीला जाते का" या वाक्यातला "की" उचलून त्या जागी "दॅट" ठेवला आहे आणि पुढचा प्रश्न जसाच्या तसा चिकटवला आहे. मराठीत हे चालते, हिंदीतही चालते. आणि नागपुरात दोन्ही भाषा दिवसभर कानांवर पडत असल्यामुळे ही सवय इथे दुहेरी पक्की झालेली असते. इंग्रजीत मात्र ही रचना चालत नाही.

दहावी-बारावीच्या इंग्रजीच्या तयारीत हा भाग बहुधा तक्त्यांच्या रूपाने शिकवला जातो: डावीकडे प्रत्यक्ष कथन, म्हणजे बोलणाऱ्याचे जसेच्या तसे शब्द, उजवीकडे अप्रत्यक्ष कथन, म्हणजे तेच बोलणे दुसऱ्याने आपल्या वाक्यात सांगितलेले, मध्ये बाण. तक्ता पाठ होतो, परंतु परीक्षेत थोडे वेगळे वाक्य आले की तो उपयोगी पडत नाही. माझे मत असे आहे, की मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने या विषयाची सुरुवात इंग्रजी तक्त्यापासून न करता मराठीच्याच एका दुसऱ्या वाक्यरचनेपासून करावी, कारण इंग्रजीला हवी असलेली रचना आपल्या भाषेत आधीपासून आहे.

मराठीतले दोन मार्ग

कोणी विचारले, "तू कुठे राहतोस?" हे मराठीत दोन प्रकारे सांगता येते. पहिला प्रकार: "त्याने मला विचारले, की तू कुठे राहतोस." येथे समोरच्याचे शब्द तसेच ठेवले आहेत, "तू" सुद्धा बदललेला नाही. दुसरा प्रकार: "मी कुठे राहतो, हे त्याने मला विचारले." येथे "तू" जाऊन "मी" आला, क्रियापद त्याप्रमाणे बदलले आणि प्रश्नाचा सूर नाहीसा झाला. इंग्रजीचे अप्रत्यक्ष कथन या दुसऱ्या प्रकाराचे आहे: "ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड."

होय किंवा नाही असे उत्तर मागणाऱ्या प्रश्नालाही हीच कसोटी लागू पडते. "ती गाडी खापरीला जाते की नाही, हे त्याने विचारले" या वाक्यातील "की नाही, हे" या शब्दांचे काम इंग्रजीत "इफ" किंवा "व्हेदर" करतात. आज्ञेच्या बाबतीत तर मराठी इंग्रजीच्या फारच जवळ जाते. "दार उघड" ही आज्ञा सांगताना आपण म्हणतो, "त्याने मला दार उघडायला सांगितले". नागपूरकडे घरात बोलताना हेच "उघडाले सांगतलं" होते. "उघडायला" म्हणजे "टू ओपन", "सांगितले" म्हणजे "टोल्ड". "ही टोल्ड मी टू ओपन द डोअर" या वाक्याचा सांगाडा आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. फक्त तो इंग्रजीच्या तासाला आठवत नाही.

म्हणून पहिला सल्ला असा, की दिलेले इंग्रजी वाक्य समजून घेतल्यावर ते मनात मराठीच्या दुसऱ्या प्रकारात, म्हणजे "हे विचारले", "की नाही हे विचारले" किंवा "करायला सांगितले" या साच्यात, एकदा म्हणून पाहावे. सर्वनामे तिथेच जागेवर बसतात, आणि कोणती इंग्रजी रचना लागणार हेही तिथेच ठरते. मराठी जी गोष्ट करत नाही, ती फक्त काळ मागे नेण्याची, म्हणजे "लिव्ह"चे "लिव्ह्ड" करण्याची. तेवढी वेगळी शिकावी लागते.

आधी वाक्याचा हेतू ओळखावा

अवतरणचिन्हांतील वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे म्हणून तो प्रश्न असतोच असे नाही, आणि या एका गैरसमजामुळे पुष्कळ गुण जातात. "व्हेअर डू यू लिव्ह?" हा खरा प्रश्न आहे, कारण विचारणाऱ्याला माहिती हवी आहे. "कुड यू ओपन द विंडो, प्लीज?" ही विनंती आहे, खिडकी उघडण्याची तुमची क्षमता कोणाला तपासायची नाही. "शॅल वी गो टू अंबाझरी?" हा प्रस्ताव आहे. "वुड यू लाइक सम टी?" हा आग्रह किंवा देऊ करणे आहे. "व्हाय डोन्ट यू टेक द मेट्रो?" हे वाक्य बहुतेक वेळा सूचना असते, तर क्वचित खरोखरच कारण विचारणारा प्रश्न असते, आजूबाजूच्या वाक्यांवरूनच ते ठरवता येते.

तेव्हा पेन टेकवण्यापूर्वी स्वतःला विचारावे: बोलणाऱ्याला माहिती हवी आहे, कृती हवी आहे, की तो काही सुचवतो आहे? माहिती हवी असेल तर "आस्क्ड" आणि त्यानंतर प्रश्नार्थक शब्द, "इफ" किंवा "व्हेदर". कृती हवी असेल तर "टोल्ड", "आस्क्ड", "रिक्वेस्टेड" यांपैकी एक आणि त्यानंतर "टू". सुचवत असेल तर "सजेस्टेड", ज्याची रचना अगदी स्वतंत्र आहे आणि जिच्याकडे पुढे सविस्तर पाहू.

प्रश्नार्थक शब्दाने सुरू होणारे प्रश्न

"व्हॉट", "व्हेअर", "व्हेन", "व्हाय", "हू", "व्हिच", "हाऊ" अशा शब्दांनी सुरू होणाऱ्या प्रश्नात तोच शब्द दोन भागांना जोडतो. त्याच्या आधी "दॅट" येत नाही, "इफ" येत नाही. "आस्क्ड दॅट व्हेअर" ही जोडी कोठेही दिसली की ती खोडावी.

जोडणीनंतरचा भाग आता प्रश्न राहिलेला नाही. म्हणून तेथे साध्या विधानाचा क्रम येतो, म्हणजे आधी कर्ता आणि मग क्रियापद. हा बदल डोक्यात करण्यापेक्षा कागदावर एक मधले वाक्य लिहून करावा. उदाहरणार्थ, "व्हेअर इज युअर कॉलेज?" या प्रश्नाचे मधले वाक्य "युअर कॉलेज इज" असे होईल. त्यात सर्वनाम बदलले की "माय कॉलेज इज", काळ मागे नेला की "माय कॉलेज वॉज". आता पुढे जोडले की उत्तर तयार होते: "शी आस्क्ड मी व्हेअर माय कॉलेज वॉज." क्रम, सर्वनाम, काळ, जोडणी असे चार बदल एकाच वेळी करू गेल्यास एखादा निसटतो. मधल्या वाक्यामुळे ते एकामागून एक होतात.

खरी कसोटी "डू", "डज" आणि "डिड" यांची आहे. प्रश्न बनवण्यासाठी इंग्रजीने ही साहाय्यक क्रियापदे उसनी घेतलेली असतात. प्रश्न संपला की ती परत जातात. "व्हॉट डू यू ईट इन द मॉर्निंग?" याचे मधले वाक्य "यू ईट इन द मॉर्निंग" असे असेल. तेथून "आय ईट", आणि काळ मागे नेल्यावर "आय एट". उत्तर होते, "ही आस्क्ड मी व्हॉट आय एट इन द मॉर्निंग". मग ते तर्री-पोहे असोत किंवा आणखी काही. "व्हेन डिड यू रीच नागपूर?" येथे "डिड" भूतकाळ दाखवतो आहे; म्हणून मधले वाक्य "यू रीच्ड नागपूर" असे लिहावे, "यू रीच" असे नव्हे, आणि मग एक पायरी मागे जाऊन "आय हॅड रीच्ड नागपूर" करावे. "डिड" काढताना त्याच्याबरोबर भूतकाळही काढून टाकण्याची चूक फार मोठ्या प्रमाणावर होते आणि ती फक्त या मधल्या ओळीवरच पकडता येते.

नकारार्थी प्रश्नात मात्र "डू" जात नाही, कारण तेथे त्याचे काम "नॉट"ला आधार देणे हे आहे आणि ते काम अप्रत्यक्ष कथनातही शिल्लक राहते. "व्हाय डोन्ट यू लाइक ऑरेंजेस?" याचे "शी आस्क्ड मी व्हाय आय डिडन्ट लाइक ऑरेंजेस" असे होते. औपचारिक लेखनात "डिड नॉट" असे पूर्ण रूप लिहावे.

काही प्रश्नांत प्रश्नार्थक शब्दच कर्ता असतो. "हू ब्रोक द ग्लास?", "व्हॉट हॅपन्ड?" यांत क्रम आधीच विधानासारखा आहे, त्यामुळे हलवण्यासारखे काही उरत नाही, फक्त काळ मागे जातो: "ही आस्क्ड हू हॅड ब्रोकन द ग्लास", "शी आस्क्ड व्हॉट हॅड हॅपन्ड". "व्हॉट हॅड हॅपन्ड" मध्ये क्रम उलटा वाटतो म्हणून काही जण तो "व्हॉट इट हॅड हॅपन्ड" असा दुरुस्त करू पाहतात. तसे करू नये. "व्हॉट इज द मॅटर?" या रूढ प्रश्नाचेही "ही आस्क्ड व्हॉट वॉज द मॅटर" असेच रूप प्रचारात आहे.

"हाऊ मेनी", "हाऊ मच", "व्हिच बस", "हूज बॅग" अशा ठिकाणी शब्दसमूह तोडू नये. "हाऊ मेनी ऑरेंजेस डिड यू बाय?" यात "हाऊ मेनी ऑरेंजेस" हा एकसंध तुकडा आहे, म्हणून "ही आस्क्ड मी हाऊ मेनी ऑरेंजेस आय हॅड बॉट". "हाऊ मेनी आय हॅड बॉट ऑरेंजेस" असे लिहिले की वाक्य कोसळते.

होय-नाही उत्तराचे प्रश्न

"इज", "आर", "डू", "डिड", "हॅव", "कॅन", "विल" अशा साहाय्यक क्रियापदाने सुरू होणाऱ्या प्रश्नाजवळ जोडणारा शब्द नसतो. तो आपण पुरवायचा. बाकी सर्व पायऱ्या वर सांगितल्याप्रमाणेच. "हॅव यू व्हिजिटेड दीक्षाभूमी?" याचे मधले वाक्य "यू हॅव व्हिजिटेड", त्याचे "आय हॅड व्हिजिटेड", आणि शेवटी "शी आस्क्ड मी इफ आय हॅड व्हिजिटेड दीक्षाभूमी". आरंभीच्या प्रवाशाचा प्रश्नही याच मार्गाने सुटतो: "ही आस्क्ड मी इफ दॅट ट्रेन वेंट टू खापरी."

"इफ" आणि "व्हेदर" बहुतेक ठिकाणी एकमेकांच्या जागी चालतात, तरी काही ठिकाणी फक्त "व्हेदर"च योग्य असतो. "ऑर नॉट" लगेच पुढे येत असेल तेव्हा "व्हेदर ऑर नॉट" असेच म्हणतात. शब्दयोगी अव्ययानंतर, जसे "अबाउट व्हेदर", आणि "टू"सह क्रियापद येत असताना, जसे "ही आस्क्ड व्हेदर टू वेट", तेथेही "इफ" बसत नाही. दोन पर्यायांमधून निवड असेल, उदाहरणार्थ चहा घेणार की कॉफी, तेव्हा "व्हेदर" अधिक स्वच्छ वाटतो. "इफ ऑर व्हेदर" अशी जोडी करू नये आणि "इफ"च्या आधी "दॅट" कधीही लावू नये.

डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. त्याची इंग्रजी वार्तापत्रे या दृष्टीने वाचण्यासारखी असतात, कारण प्रश्नोत्तराच्या तासाची बातमी जवळपास पूर्णपणे अप्रत्यक्ष कथनात लिहावी लागते. "इज द गव्हर्नमेंट अवेअर" असा प्रश्न बातमीत "द मेंबर आस्क्ड व्हेदर द गव्हर्नमेंट वॉज अवेअर" असा उतरतो. १९११ साली नागपुरात सुरू झालेले "हितवाद" हे इंग्रजी दैनिक अजूनही शहरात निघते. त्यातील सभागृहाच्या किंवा न्यायालयाच्या एखाद्या बातमीतील अशी वाक्ये अधोरेखित करून मूळ प्रश्न काय असेल, हे उलट दिशेने लिहिण्याचा सराव मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो. अप्रत्यक्षावरून प्रत्यक्षाकडे जाताना "डू" आणि "डिड" स्वतःला परत आणावे लागतात, आणि त्यामुळे त्यांचा मूळ उपयोग पक्का कळतो.

काळ, सर्वनाम, वेळ आणि जागा

आपल्याकडच्या शिकवणी वर्गांत सर्वनामांसाठी "वन-टू-थ्री, एस-ओ-एन" हे सूत्र सांगतात: प्रथम पुरुष बोलणाऱ्याप्रमाणे, द्वितीय पुरुष ऐकणाऱ्याप्रमाणे, तृतीय पुरुषात बदल नाही. सूत्र योग्य आहे, पण वर सांगितलेले मराठी "हे विचारले" वाक्य मनात म्हटले तर त्याची फारशी गरज पडत नाही.

काळाचा नियम असा, की सांगणारे क्रियापद भूतकाळात असेल तर आतील क्रियापद एक पायरी मागे जाते: साधा वर्तमान साध्या भूतात, चालू वर्तमान चालू भूतात, पूर्ण वर्तमान आणि साधा भूत हे दोन्ही पूर्ण भूतात. "विल"चे "वुड", "कॅन"चे "कुड", "मे"चे "माइट", आणि सक्ती दाखवणाऱ्या "मस्ट"चे "हॅड टू". "वुड", "कुड", "शुड", "माइट" हे शब्द आणि पूर्ण भूतकाळ जागचे हलत नाहीत. चालू काळाच्या बाबतीत नागपूरकरांना एक आयता आधार आहे. "काय करून राहिला?" हे "व्हॉट आर यू डूइंग?"चे अचूक रूप आहे, आणि "करून राहिला होता" म्हटले की "वॉज डूइंग" समोर उभे राहते. शहराबाहेरचे लोक या वाक्प्रयोगाला नावे ठेवतात, परंतु चालू काळ समजावून सांगण्यासाठी मला याहून चांगले साधन मिळालेले नाही.

सांगणारे क्रियापद वर्तमानकाळात असेल तर काळ बदलत नाही, पण क्रम बदलतोच. फोनवर बाबांचा निरोप देताना "डॅडी इज आस्किंग व्हेअर यू आर" असे म्हणावे लागते. "व्हेअर आर यू" असे म्हणून चालत नाही. तसेच गोष्ट अजूनही खरी असेल तर प्रत्यक्ष व्यवहारात काळ तसाच ठेवण्याची मुभा असते; खापरीची गाडी आजही खापरीलाच जाते, म्हणून बोलताना "इफ दॅट ट्रेन गोज" असेही ऐकू येईल. परीक्षेत मात्र काळ मागे नेणेच सुरक्षित.

वेळ आणि जागा दाखवणाऱ्या शब्दांची यादी सर्वांना पाठ असते: "नाऊ"चे "देन", "टुडे"चे "दॅट डे", "टुमॉरो"चे "द नेक्स्ट डे", "यस्टर्डे"चे "द प्रिव्हियस डे", "अगो"चे "बिफोर", "हिअर"चे "देअर", "दिस"चे "दॅट". पण ही यादी आंधळेपणाने लावायची नसते. सांगणारा कोठे आणि केव्हा सांगतो आहे, यावर बदल अवलंबून असतो. नागपूरच्या मैत्रिणीने पुण्यातल्या मुलीला फोनवर विचारले, "व्हेन विल यू कम हिअर?" ती मुलगी पुण्यात बसून हे सांगत असेल तर "शी आस्क्ड मी व्हेन आय वुड गो देअर" म्हणेल; पण ती नागपूरला पोहोचल्यावर सांगत असेल तर "कम हिअर" असेच राहील. सकाळी विचारलेला प्रश्न त्याच संध्याकाळी सांगितला तर "टुडे" बदलण्याचे कारण नाही. प्रश्नपत्रिकेत संदर्भ दिलेला नसतो, म्हणून तेथे यादीप्रमाणे बदल करावा. इतरत्र विचार करून करावा.

आज्ञा

आज्ञार्थी वाक्यात कर्ता दिसत नाही आणि क्रियापद मूळ रूपात असते. रूपांतरात "सेड टू" जाऊन "टोल्ड" येतो, मग ज्याला आज्ञा झाली ती व्यक्ती, मग "टू" आणि क्रियापदाचे मूळ रूप. "द टीचर सेड टू अस, 'ओपन युअर बुक्स'" याचे "द टीचर टोल्ड अस टू ओपन अवर बुक्स". क्रियापदाचा काळ बदलण्याचा प्रश्नच येत नाही, कारण "टू ओपन"ला काळ नसतो. "टू ओपन्ड" हे रूप अस्तित्वात नाही. सर्वनामे आणि वेळ-जागेचे शब्द मात्र येथेही बदलतात, आणि काळाची चिंता मिटली या समाधानात "युअर"चे "अवर" करायचे राहून जाते.

"टोल्ड"ला ऐकणारी व्यक्ती लागतेच आणि दोघांमध्ये "टू" येत नाही. "टोल्ड टू मी" हे मराठीच्या "मला"चे शब्दशः रूप आहे. वाक्यात ऐकणाऱ्याचा उल्लेख नसेल तर संदर्भावरून तो पुरवावा. "'चिल्ड्रन, कीप क्वाएट,' सेड द टीचर" यातील संबोधनच ऐकणारा होतो: "द टीचर टोल्ड द चिल्ड्रन टू कीप क्वाएट."

नकारार्थी आज्ञेत "डोन्ट" पूर्ण जातो आणि "टू"च्या आधी "नॉट" येतो. मे महिन्यात नागपूरचे डॉक्टर रुग्णाला सांगतात, "डोन्ट गो आउट इन द आफ्टरनून". त्याचे "द डॉक्टर ॲडव्हाइज्ड हिम नॉट टू गो आउट इन द आफ्टरनून" असे होते. "टू डोन्ट गो" ही रचना इंग्रजीत नाही. "नेव्हर"ने सुरू होणाऱ्या वाक्यात तसेच "नेव्हर टू" येते.

सांगणाऱ्या क्रियापदाची निवड हा या प्रकारातला सर्वांत सुंदर भाग आहे, आणि दुर्दैवाने त्यालाच सर्वांत कमी वेळ दिला जातो. प्रत्येक ठिकाणी "टोल्ड" लिहिल्यास उत्तर चुकत नाही, पण बोलणाऱ्याचा सूर हरवतो. अधिकारी "ऑर्डर्ड" करतो, डॉक्टर किंवा वडीलधारे "ॲडव्हाइज्ड" करतात, धोका दिसला तर "वॉर्न्ड", गयावया असेल तर "बेग्ड", बोलावणे असेल तर "इनव्हायटेड". मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या बातम्यांत "डायरेक्टेड" हा शब्द सतत दिसतो: न्यायालयाने महापालिकेला उत्तर दाखल करण्यास सांगितले, तर "द कोर्ट डायरेक्टेड द कॉर्पोरेशन टू फाइल अ रिप्लाय". "डोन्ट फरगेट टू ब्रिंग युअर हॉल तिकीट" या वाक्यासाठी "रिमाइंडेड" हा शब्द निवडला की नकार आपोआप विरघळतो: "शी रिमाइंडेड मी टू ब्रिंग माय हॉल तिकीट." आणि "फॉरबेड" वापरल्यास पुढे "नॉट" घालू नये, कारण मनाई त्या क्रियापदातच आली आहे: "ही फॉरबेड मी टू गो."

विनंती

"प्लीज", "काइंडली", "कुड यू", "विल यू" हे विनंतीचे खुणेचे शब्द अप्रत्यक्ष कथनात गळून पडतात आणि त्यांचा अर्थ "रिक्वेस्टेड" किंवा "आस्क्ड" या क्रियापदात जातो. "प्लीज लेंड मी युअर पेन" याचे "ही रिक्वेस्टेड मी टू लेंड हिम माय पेन". "रिक्वेस्टेड टू मी" म्हणू नये. आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि सरकारी पत्रव्यवहारात "रिक्वेस्टेड" फार आढळतो. दैनंदिन इंग्रजीत त्या जागी बहुधा साधा "आस्क्ड" येतो. वाक्यात "सर" असे संबोधन असेल, तर ते काढून "रिस्पेक्टफुली" हा शब्द घालण्याची शालेय पद्धत आहे.

"आस्क्ड"चे हे दोन उपयोग काळजीपूर्वक वेगळे ठेवावे लागतात. "शी आस्क्ड मी टू कम" म्हणजे तिने मला यायला सांगितले. "शी आस्क्ड मी इफ आय वॉज कमिंग" म्हणजे मी येणार आहे की नाही, हे तिने विचारले. मराठीत "सांगितले" आणि "विचारले" असे दोन शब्द असल्यामुळे आपला कधी घोटाळा होत नाही. इंग्रजीत मात्र शब्द एकच असल्यामुळे अर्थाचा सगळा भार पुढच्या "टू"वर किंवा "इफ"वर पडतो.

सूचना आणि प्रस्ताव

"सजेस्ट" या क्रियापदाविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवावी: त्याच्यापुढे व्यक्ती आणि "टू" अशी जोडी येत नाही. "ही सजेस्टेड मी टू व्हिजिट फुटाळा" हे वाक्य नागपुरातच नव्हे, महाराष्ट्रभर सर्रास बोलले जाते आणि ते चूक आहे. योग्य रचना दोन आहेत: "ही सजेस्टेड दॅट आय शुड व्हिजिट फुटाळा" किंवा "ही सजेस्टेड व्हिजिटिंग फुटाळा". व्यक्ती आणि "टू" हवेच असतील तर "ॲडव्हाइज्ड" वापरावे.

"लेट अस"ने सुरू होणारे वाक्य याच रचनेत जाते. "लेट अस गो टू अंबाझरी" याचे "ही सजेस्टेड टू हिज फ्रेंड्स दॅट दे शुड गो टू अंबाझरी" असे होते. "लेट मी गो" यात मात्र प्रस्ताव नसून परवानगीची विनंती आहे. म्हणून "ही आस्क्ड मी टू लेट हिम गो". "शॅल आय कॅरी युअर बॅग?" असे कोणी म्हटले तर तो मदत देऊ करतो आहे: "ही ऑफर्ड टू कॅरी माय बॅग." पण "व्हेअर शॅल आय कीप दिस बॅग?" हा सल्ला विचारणारा प्रश्न असल्यामुळे "ही आस्क्ड मी व्हेअर ही शुड कीप दॅट बॅग" असे लिहावे.

एक संवाद पूर्ण सोडवून

गणेशपेठ बसस्थानकावर रामटेकच्या बसजवळ एक तरुण आणि वाहक यांच्यात असे बोलणे होते असे धरू. तरुण म्हणतो, "इज दिस बस गोइंग टू रामटेक?" वाहक म्हणतो, "येस. गेट इन क्विकली. डोन्ट स्टँड ऑन द स्टेप्स." तरुण विचारतो, "हाऊ मच इज द फेअर?" वाहक विचारतो, "हाऊ मेनी टिकेट्स डू यू वॉन्ट?" शेवटी तरुण म्हणतो, "कॅन यू प्लीज स्टॉप निअर द टेम्पल रोड?"

पहिले वाक्य होय-नाहीचे आहे, म्हणून "द यंग मॅन आस्क्ड द कंडक्टर इफ दॅट बस वॉज गोइंग टू रामटेक". नुसते "येस" लिहिता येत नाही. त्याचे छोटे विधान करावे लागते: "द कंडक्टर सेड दॅट इट वॉज". त्याच बोलण्यात पुढे दोन आज्ञा आहेत, एक होकारार्थी आणि एक नकारार्थी. त्या "अँड"ने जोडाव्यात: "अँड टोल्ड हिम टू गेट इन क्विकली अँड नॉट टू स्टँड ऑन द स्टेप्स". भाड्याच्या प्रश्नात "इज" शेवटी जाऊन बदलतो: "द यंग मॅन आस्क्ड हाऊ मच द फेअर वॉज". तिकिटांच्या प्रश्नात "डू" जातो आणि "वॉन्ट"चा काळ बदलतो: "द कंडक्टर आस्क्ड हिम हाऊ मेनी टिकेट्स ही वॉन्टेड". शेवटच्या वाक्यात "कॅन" आणि प्रश्नचिन्ह दोन्ही आहेत, पण "प्लीज" हेतू उघड करतो. म्हणून "द यंग मॅन रिक्वेस्टेड हिम टू स्टॉप निअर द टेम्पल रोड". येथे "आस्क्ड हिम इफ ही कुड स्टॉप" असे लिहिले तरी व्याकरण बिघडत नाही. परीक्षेत मात्र "प्लीज" दिसताच "रिक्वेस्टेड" लिहिणे सोयीचे.

उत्तर तपासताना तीन जागा आधी पाहाव्यात. अवतरणचिन्हे आणि त्यांच्या आधीचा स्वल्पविराम काढला आहे का. जोडणाऱ्या शब्दानंतर लगेच कर्ता आला आहे का, अर्थात प्रश्नार्थक शब्दच कर्ता असेल तेव्हा सोडून. आणि वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्हाच्या जागी पूर्णविराम दिला आहे का. पूर्णविरामाला एक अपवाद आहे. सांगणारे वाक्य स्वतःच प्रश्न असेल, उदाहरणार्थ "डिड ही आस्क यू व्हेअर आय लिव्ह्ड?", तर प्रश्नचिन्ह राहते, कारण तो प्रश्न आता आपला आहे. "कॅन यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?" हे अनोळखी माणसाला सभ्यपणे विचारण्याचे वाक्यही त्याच जातीचे आहे: बाहेरचा भाग प्रश्नाच्या क्रमात, आतला भाग विधानाच्या क्रमात. मुलाखतीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे एक वाक्य "कुड यू टेल मी", "डू यू नो", "मे आय आस्क" अशा वेगवेगळ्या सुरुवाती लावून मोठ्याने म्हणावे, आणि प्रत्येक वेळी शेवटचा "इज" कर्त्याच्या मागेच येतो आहे ना, याकडे कान द्यावा.